चार वर्षं फिट आली नाही, मग गोळ्या कशाला?

मला फिट येण्याचा आजार आहे, म्हणजे अपस्मार, मिरगी. तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, ऑफिसात विचारतात, आणि सगळ्यात जास्त विचारतात ती माणसं ज्यांच्या स्वतःच्या घरात कुणाला तरी फिट येते. अगं चार वर्षं झाली ना तुला काही होऊन, मग अजून सकाळ-संध्याकाळ गोळ्या कशाला, लिव्हर-किडनीची वाट लागेल, दे ना सोडून.

सोडल्या होत्या एकदा. कुणाला न सांगता. वीस वर्षांची होते, दोन वर्षं फिट नव्हती, स्ट्रिप संपली आणि मी नवीन आणलीच नाही. तीन दिवस छान गेले, मला वाटलं बघा, काही होत नाही. चौथ्या दिवशी सकाळी दात घासताना हात झटकला आणि ब्रश आरशावर जाऊन आपटला. हे काय आहे ते मला पक्कं माहीत होतं, सोळाव्या वर्षी माझी सुरुवातच अशी झाली होती, उठल्या उठल्या हाताला झटके आणि हातातली वस्तू उडायची. तरी मी ब्रश उचलला, धुतला आणि परत घासायला लागले. पुढचं आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी फरशीवर, नळ तसाच चालू, जीभ चावली गेलेली, तोंडात रक्ताची चव, आणि आई माझ्या नावाने हाका मारतेय. खांदा निखळला होता. तो बसवताना डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? मी आईकडे बघून म्हटलं, नाही.

ते खोटं मला खांद्यापेक्षा जास्त दुखतं. कारण गोळ्या घेऊनही फिट आली असं समजून डॉक्टर डोस वाढवतात किंवा औषध बदलतात, म्हणजे नसलेल्या आजारावर उपचार सुरू. माझ्या रक्तातली औषधाची लेव्हल तपासली म्हणून ते उघडं पडलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, चुकली तर चुकली सांग, मला त्यावरून ठरवायचं असतं.

या गोळ्या अँटिबायोटिकसारख्या नाहीत, की कोर्स झाला, जंतू मेले, संपलं. त्या आजार मुळापासून काढत नाहीत, मेंदूतल्या पेशी एकदम एकत्र भडकतात ना, ते होऊ देत नाहीत, आणि तेही रक्तात पुरेसं औषध असेपर्यंतच. मी आता लेव्हेटिरॅसिटॅम घेते, ते साधारण ६ ते ८ तासांत रक्तात निम्मं होतं, म्हणून दिवसातून दोनदा. एकदम बंद केलं तर एकामागून एक फिट येऊ शकतात, मध्ये शुद्धच येत नाही, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेली फिट म्हणजे इमर्जन्सी, हे माझ्या घरात सगळ्यांना पाठ आहे. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं.

म्हणजे सगळ्यांनी जन्मभर घ्यायच्या का? अजिबात नाही. नीट औषध मिळालं तर सुमारे ७० टक्के लोक फिटशिवाय जगू शकतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळ्या दोनेक वर्षं फिट नसल्यावर डॉक्टर काही महिने घेऊन हळूहळू कमी करत बंद करतातही. माझा प्रकार मात्र गोळ्या सोडल्या की परत उलटणारा आहे, म्हणून माझ्या चालू. तुमचा प्रकार वेगळा असेल, माझं बघून तुमचं ठरवू नका.

रोजचं म्हणाल तर चौदा खणांची डबी आहे, रविवारी रात्री भरते. घेतली की नाही असा घोळ होतो तेव्हा खण बघायचा, डोक्यावर विसंबायचं नाही. विसरले तर आठवल्यावर लगेच घेते, पण पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून देते, दोन एकदम कधीच नाही. दोन आठवड्यांच्या गोळ्या कायम जास्तीच्या घरात. हळूहळू विरघळणारी गोळी असेल तर ती कुटायची किंवा चावायची नाही, आधी विचारायचं. कंपनी बदलून देत असतील तरी विचारायचं. आणि दाताचा असो की पोटाचा, प्रत्येक डॉक्टरला सांगायचं की माझ्या फिटच्या गोळ्या चालू आहेत, कारण ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि काही अँटिबायोटिकं फिटला निमंत्रण देतात. काही फिटच्या गोळ्यांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, हे तर बायकांना कुणी सांगतच नाही, आणि याचा मला खरंच राग येतो. झोप कमी झाली तरी फिट येऊ शकते. माझी शेवटची फिट गोळ्या वेळेवर घेत असूनही आली होती, लागोपाठ दोन रात्री जागले होते.

साइड इफेक्ट नसतात असं मी म्हणणार नाही. लेव्हेटिरॅसिटॅमने पहिले दोन महिने मी इतकी चिडायचे की घरचे बोलायला घाबरायचे, सांगितल्यावर डोस नीट बसवला. कुणाला उदास वाटतं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, ते त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं. नवीन औषधावर अंगावर पुरळ आलं तरी तसंच, वाट बघायची नाही. आधी मी व्हॅल्प्रोएट या फिटच्याच दुसऱ्या औषधावर होते. गरोदरपणात ते घेतलं तर १० पैकी साधारण एका बाळात जन्मजात दोष आणि १० पैकी ३-४ मुलांना वाढीत, शिकण्यात अडचणी येऊ शकतात, म्हणून लग्नानंतर मूल हवं म्हटल्यावर आधी औषध बदललं, नवीन चढवत नेलं आणि जुनं उतरवत आणलं, त्यात काही महिने गेले. दिवस राहिल्यावर कळलं तरी घाबरून स्वतःहून बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, मोठी फिट बाळालाही धोक्याची असते.

परवा एकीने विचारलं, मला खरंच बंद करायच्या आहेत, डॉक्टरशी बोलू कशी? सरळ बोल. माझा प्रकार कुठला, ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) परत काढायचा का, किती महिन्यांत कमी करणार, तोवर गाडी चालवायची का, पोहायचं का, एकटीने आंघोळ करताना दार लावायचं का, आणि मध्येच फिट आली तर जुन्या डोसवर परत जायचं का. हे सगळं कागदावर लिहून ने, तिथे गेल्यावर आठवत नाही.