तिथं कोण आहे तुमचं?

शुक्रवार, रात्रीचे पावणेदहा

दुपारी स्टँडवर जाऊन सात दिवसांचा पास काढून आणला. ‘आवडेल तेथे प्रवास’. खिडकीतला मुलगा नवीन होता, कळवळ्यानं म्हणाला, “काकू, तुम्हाला अर्धं तिकीट आहे की! पासाला ती सवलत नाही. उगं जास्तीचे पैसे जातील.”

त्याचा हिशेब बरोबर होता. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. लहानपणी बारा वर्षं पुरी झाली म्हणून सुटलेलं हाफ तिकीट मला साठीनंतर परत मिळालं, याची मला अजूनही गंमत वाटते. बेळगावच्या गाडीत तर आणखी मजा. हद्दीपर्यंत अर्धं, हद्दीच्या पुढं पूर्ण. म्हणजे एकाच सीटवर बसल्या बसल्या मी लहानाची मोठी होते.

तरीही पास काढला. कारण त्या मुलाला सांगण्यासारखं नव्हतं. तिकीट काढायचं म्हणजे गावाचं नाव सांगावं लागतं. गावाचं नाव सांगितलं की शेजारची बाई पदर सावरत माझ्याकडं वळते आणि विचारते, “तिथं कोण आहे तुमचं?”

हा प्रश्न मी अख्ख्या महाराष्ट्रात ऐकलाय. मालवणात “थंय कोण आसा तुमचा?”, नंदुरबारकडं “तठे कोन शे तुमनं?”, लातूरच्या पुढं “तिथं कोणंय तुमचं?” आणि चंद्रपूरच्या गाडीत तर सरळ “एकट्याच काहून जाऊन राहिल्या बाई?” बोली बदलते, पण प्रश्न तोच. पहिल्यांदा राग यायचा. मग त्या ‘आसा’ आणि ‘शे’साठीच मी खिडकीशेजारची जागा सोडून मधली जागा घ्यायला लागले. डोंगर काय, खिडकीतून दिसतातच. बोलणारं माणूस मात्र शेजारी बसावं लागतं.

आजीला हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिला प्रवासाचं वेड होतं असं मी म्हटलं असतं, तर तिनं मला धपाटा घातला असता. ती आपली ‘पंढरपूरला जाऊन येते’ म्हणायची, आणि पंढरपूरला कोण आहे हे आपल्याकडं कोणाला विचारावं लागत नाही. आमचं गाव कवठेमहांकाळ. तेव्हा मिरजेहून पंढरपूरला अडीच फुटी रुळांवरून छोटी गाडी जायची. ती चालवणारी कंपनी १९५४ सालीच सरकारनं घेतली होती, पण म्हातारी माणसं शेवटपर्यंत तिला ‘बार्शी लाईट’च म्हणत. १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत सुरू झालेली ती लाइन, वाढत वाढत १९२७ ला मिरजेला पोचली. हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच ठाऊक होतं, की डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचा, आणि इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यात गेली की आजी पदराचं टोक तोंडात ओलं करून ती काढायची. आषाढीला तर माणसं टपावर बसलेली असायची.

आजी विठोबाला जाई, हे खरं. पण तिचा जीव त्या गाडीत असे. ढालगाव गेलं, जत रोड आलं, आता सांगोला, असं ती स्टेशनांची नावं पाठ म्हटल्यासारखी घेत राही. एकदा मी विचारलं, “आजी, जत कुठाय?” ती म्हणाली, “जत लई लांब. हे नुसतं जत रोड.” गाव नसलेलं स्टेशन! सात वर्षांच्या मला ते फार आवडलं होतं. देवळात जाईपर्यंत आजी दमून गेलेली असे. लांबूनच कळसाला हात जोडायची आणि परतीच्या गाडीची चौकशी करायची. आज विचार करते तर वाटतं, बाईमाणसाला घराबाहेर पडायला त्या काळी एकच कारण चालत होतं आणि तिनं ते बेमालूम वापरलं.

माझी कारणं तीच, फक्त जास्त. माहेर, बाळंतपण, नणंदेचं लग्न, चुलत सासऱ्यांचा तेरावा, पोराच्या परीक्षेचं सेंटर. पंचायत समितीत क्लार्क म्हणून तेहतीस वर्षं काढली, त्यात ट्रेनिंगला दोनदा पुण्याला गेले, तोही प्रवासच म्हणायचा. प्रत्येक वेळी हातात कोणाचा तरी डबा, कोणाचं तरी औषध, नाहीतर आहेराची पिशवी. रिकाम्या हातानं मी गाडीत कधी चढलेच नव्हते.

पहिल्यांदा चढले ते खोटं बोलून. लिहायला लाज वाटत नाही आता. रिटायर व्हायला चार वर्षं होती. ह्यांना सांगितलं, ऑफिसातल्या एकीच्या मुलीचं लग्न आहे रत्नागिरीला, दोन दिवसांत येते. कोल्हापूरला गाडी बदलली. मलकापूर सोडलं आणि आंबा घाट लागला. पावसाळा नुकताच सरला होता, पण धुकं इतकं, की ड्रायव्हरनं दिवे लावले. कंडक्टर पुढं जाऊन काचेशी उभा राहिला आणि वळण आलं की “हां, हां, येऊ द्या” म्हणत राहिला. सगळी गाडी गप्प. साखरप्याला उतरून चहा घेतला, तेव्हा माझे हात थरथरत होते. भीतीनं नाही. मी जन्मात पहिल्यांदा अशा ठिकाणी उभी होते, जिथं कोणाला माझ्याकडून काही नको होतं. पुढं रत्नागिरीत काय बघितलं ते फारसं आठवत नाही. चहाचा तो कानतुटका कप आठवतो.

ह्यांनी तीन वर्षांनी सांगितलं, “मला त्याच दिवशी कळलं होतं. लग्नाला चाललीस आणि इरकल कपाटात.”

तर कुसुम. कुसुम ही माझी मावसबहीण, आणि ती मुळात नाहीच. “तिथं कोण आहे?” या प्रश्नाला वैतागून एकदा तोंडातून निघालं, “मावसबहीण आहे.” पुढचा प्रश्न नावाचा. मग नवरा काय करतो? मी तिला पाटबंधारे खात्यातला नवरा दिला, कारण त्यांची बदली कुठंही होते. बिचारी कुसुम अशी राजापूरला राहिली, शहाद्याला राहिली, उदगीरला राहिली. तिला दोन मुलं, धाकट्याला दमा. त्या दम्यावर मला निलंग्याच्या एका आजींनी अडुळशाचा काढा सांगितला, आणि तो मी वहीत लिहूनही घेतला. खोट्या भाच्यासाठी खरं औषध.

ती पकडली गेली सिरोंचाला. रिटायर झाल्यावर ठरवलं होतं की नकाशाच्या पार त्या टोकाला एकदा जायचं. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं वर्ध्यापर्यंत गेले. ही गाडी कोल्हापूरहून थेट गोंदियाला जाते आणि एकदाही राज्याबाहेर पाऊल टाकत नाही. आपलं राज्य केवढं लांबलचक आहे ते तिच्यात बसल्यावर पाठीला कळतं. तिथून एसटीनं चंद्रपूर, अहेरी. अहेरीच्या पुढं नुसतं जंगल आणि गाडीत तेलुगू. शेजारी साधारण माझ्याच वयाची बाई, मांडीवर कोंबडीच्या पिलांची टोपली. मोडक्यातोडक्या मराठीत प्रश्न आलाच. मी सवयीनं कुसुमला पुढं केलं. नवरा पाटबंधारेत.

बाईंचा चेहरा उजळला. “पाटबंधारे? कोणत्या सेक्शनला? आमचे पण तिथंच.”

रस्त्यात खड्डे होते म्हणून बरं, माझं अडखळणं त्यात खपलं. पण किती वेळ खपणार? त्या बाई साहेबांची नावं एकेक करून घ्यायला लागल्या. शेवटी म्हटलं, “खरं सांगू का, माझं कोणी नाही तिथं. कुसुम पण नाही.”

त्या बराच वेळ माझ्याकडं बघत राहिल्या. “मग उतरून काय करणार?”

“नदी बघणार. प्राणहिता.”

“नदी तर रोज असते,” त्या म्हणाल्या. खरंच की. मला उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी फोन काढला आणि तेलुगूत काहीतरी बोलल्या, दोनदा माझ्याकडं बघून. उतरल्यावर माझी पिशवी त्यांच्याच हातात होती. घरी गेल्यावर त्यांच्या यजमानांनी मला पाट मांडला, आणि इतक्या हळुवारपणे वागायला लागले की मला कळेना. जेवताना उलगडा झाला. बाईंनी फोनवर सांगितलं होतं, “एक मराठी बाई आहेत, त्यांचं कोणीच नाही.” त्यांनी मला निराधार समजलं होतं! ह्यांचा, मुलाचा, सुनेचा फोटो मोबाइलवर दाखवल्यावर घरभर हसू. चिंचेची आंबट आमटी आणि वाफाळता भात मी तीनदा मागून घेतला.

संध्याकाळी तिघं मिळून नदीवर गेलो. वर्धा आणि वैनगंगा एकत्र होऊन त्यांची प्राणहिता होते आणि ती इथं गोदावरीला मिळते. पलीकडं तेलंगण, काळेश्वरचा काठ. आम्ही कृष्णाकाठची माणसं, एवढं रुंद पात्र महापुराशिवाय बघत नाही. इथं ते शांतपणे, नुसतं पडल्यासारखं होतं. बाई वाळूत बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “मी पण दोन वर्षांनी आले आज नदीवर.”

सगळे प्रवास असे होत नाहीत, हेही लिहून ठेवते. शहाद्याला लॉजवाल्यानं एकट्या बाईला खोली द्यायची नाही म्हणून रात्री दहाला परत स्टँडवर पाठवलं होतं. तिथल्या बाकावर, पिशवीची दोरी मनगटाला बांधून, सकाळच्या पहिल्या गाडीची वाट बघितली. बायकांच्या स्वच्छतागृहांबद्दल तर मी स्वतंत्र वही लिहू शकेन, पण ती कोणी वाचणार नाही. गाडी लांबची असेल तर मी आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी पिते. हे घरी सांगत नाही.

दशम्या झाल्यात, शेंगाचटणी भरली. गुडघ्याचा पट्टा वरच्या कप्प्यात. पावणेसहाची गाडी आहे.

हे आत्ता आतून विचारतायत, “कुसुमची बदली कुठं झालीय यंदा?”

“किनवटला.”

“मग शाल घे. थंडी असेल तिकडं.”