शिटेची वही: वनराजाची ३० पिल्लं, पहिले ४१ दिवस

ही माझी कोंबडीच्या पिल्लांची तिसरी तुकडी, यंदा वनराजा जातीची. आधीच्या दोन्ही वेळी मी खाद्य, वजन, लसी सगळं लिहून ठेवलं होतं. शिट मात्र रोज झाडून खताच्या खड्ड्यात टाकत होते. गेल्या वर्षी दुसऱ्या आठवड्यात २५ पैकी ११ पिल्लं गेली. डॉक्टरांनी विचारलं, "हगवण कधीपासून होती, कशी होती?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. ते मनाला फार लागलं. म्हणून यंदा एक वेगळी वही घातली आणि त्यात फक्त शिटेच्या नोंदी केल्या. आम्ही दापोली तालुक्यात राहतो आणि तुकडी जूनमध्ये आणली, तेव्हा पुढचं सगळं पावसाळी हवेच्या हिशोबानं वाचा.

पद्धत साधी आहे. रात्री पिल्लं निजतात त्या कडेला तुसावर एक कोरा पांढरा कागद पसरायचा, खरबरीत बाजू वर. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. सकाळी सहाला तो कागद उचलून पडवीत उजेडात न्यायचा आणि तिथेच बघायचा. दिव्याखाली रंग ठरवू नका. पिवळ्या बल्बखाली साधी तपकिरी शिट तांबूस दिसते. पहिल्या दोन दिवसांत मी त्यानंच घाबरले होते. वहीत चारच गोष्टी लिहिते: रंग, घट्ट की पातळ, पांढरा भाग किती, आणि अशा किती पडल्या. पाचवी नोंद पिल्लांच्या वागण्याची. ती मी सुरुवातीला करत नव्हते. का करायला लागले ते पुढे येईल.

दिवस १ ते ३ (९ ते ११ जून)

पिल्लं आठ तासांचा प्रवास करून आली. अंड्यातला पिवळा बलक पोटात ओढून घेतलेला असतो, त्यावर पिल्लू दोन-तीन दिवस तग धरतं. त्यामुळे उपासमारीची भीती नव्हती, पण पाण्याची होती. आधी गुळाचं कोमट पाणी दिलं, दोन तासांनी मक्याचा भरडा. पहिली शिट काळपट हिरवी आणि चिकट. ही नेहमीचीच, अंड्यात असतानाचा साठलेला मळ बाहेर पडतो.

दुसऱ्या दिवशी सहा पिल्लांचं बूड चिकटलेलं दिसलं. रात्री वारा सुटून वीज गेली होती. मडक्यात निखारे ठेवले, पण दीड-दोन तास पिल्लं गारठली. प्रवासाचा ताण आणि वर ही थंडी, एवढं बूड चिकटायला पुरतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून मळ मऊ होऊ दिला, मग पुसून काढला आणि बोटभर खोबरेल लावलं. कोरडा मळ ओढू नका, कातडी सोलून निघते. आणि नवीन मंडळींनी हे नीट लक्षात ठेवा: बुडाच्या थोडं खाली पोटाच्या बाजूला जी काळी खपली असते ती नाळेची आहे. ती मळ समजून उपटली तर पिल्लू हातचं जातं.

गेल्या वर्षीची अकरा पिल्लं डोळ्यांसमोर होती, त्यामुळे ही सहा बघून हातपाय गळाले. पण दोन्हीत फरक आहे. यंदा पुसून, ऊब देऊन ठेवल्यावर पाच पिल्लं दुसऱ्या दिवशी कोरडी होती आणि दाण्यावर तुटून पडत होती. गेल्या वर्षी पुसलं तरी संध्याकाळी पुन्हा खडूच्या चिखलासारखं पांढरं चिकटायचं. पिल्लं शिट टाकताना चीं-चीं करत कण्हायची, पंख खाली सोडून एकमेकांवर रचून बसायची आणि आकडा रोज वाढायचा. ती पांढरी हगवण असावी, पुलोरम, असा डॉक्टरांचा अंदाज होता. हा रोग कोंबडीकडून अंड्यावाटे पिल्लात येतो, म्हणून यंदा पिल्लं घेण्याआधी मूळ पक्ष्यांची पुलोरमची रक्ततपासणी झाली आहे का, हे विचारून घेतलं. सहावं पिल्लू तिसऱ्या दिवशी गेलं. ते आलं तेव्हापासूनच अशक्त होतं. उरली २९.

दिवस ४ ते ८

ब्रूडरमध्ये, म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देतो त्या जागेत, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश. नेहमीची शिट आता ओळखीची झाली: वाटाण्याएवढी तपकिरी गोळी, वर पांढरी टोपी. पक्षी लघवी वेगळी करत नाहीत. मूत्रपिंडातून येणारं यूरिक आम्ल पांढरं असतं आणि ते विष्ठेबरोबरच पडतं. त्यामुळे पांढरं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. कागदावर नुसतंच पांढरं पाणी आणि तपकिरी भाग जवळजवळ नाही असं दिसलं, तर मात्र पिल्लू खातंय का ते आधी बघायचं.

सहाव्या दिवशी कागदावर पहिल्यांदा ती पडली. काकवीसारखी चकचकीत, मोहरीच्या रंगापासून चॉकलेटी रंगापर्यंत, पांढरी टोपी नाही, आणि वास असा की पडवीतून कळावं. पहिल्या तुकडीत मी हिलाच हगवण समजून दुकानातून औषध आणून पाजलं होतं. ही रोगाची शिट नाही. कोंबडीच्या आतड्याच्या टोकाशी दोन बंद पिशव्या असतात, त्यांना सीकम म्हणतात. तिथे अन्न आंबतं आणि दिवसातून दोन-तीनदा त्या पिशव्या रिकाम्या होतात. साधारण आठ-दहा शिटांमागे एक अशी पडते. वहीत मी तिला "काकवी" असं नाव दिलं आहे. २९ पिल्लांच्या रात्रभराच्या कागदावर चार, पाच, सहा, अशा काकव्या मोजल्या. तो आकडा माहीत झाला आणि मोठं ओझं उतरलं. आता एखाद्या सकाळी कागदभर पातळ तपकिरी दिसलं, तर ते वेगळं आहे हे मला आकड्यावरूनच कळेल.

सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, डोळ्यात एक-एक थेंब. नंतर दोन दिवस थोड्या शिंका. शिटेत फरक नाही.

दिवस ९

सकाळी अर्धा कागद हिरवा. आदल्या दिवशी शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून घातला होता. हिरव्या शिटेनं सगळ्यांनाच मानमोडी आठवते, म्हणून जरा खोलात लिहिते. पाल्याची हिरवी शिट काडीनं फोडली तर आत पाल्याचे धागे दिसतात, ती घट्ट असते आणि पांढरी टोपी जागेवर असते. पिल्लू खात नसेल तेव्हा रिकाम्या आतड्यातून पित्त येतं. ती हिरवी शिट पाणचट, चकाकणारी, आत अन्नाचा कण नसलेली. मानमोडीत हेच दिसतं आणि सोबत धापा, लुळे पाय, पिळलेली मान. मी एक दिवस पाला बंद ठेवला. दहाव्या दिवशी कागद तपकिरी. मग पाला पुन्हा सुरू केला.

दिवस ११ ते १६

एका शिटेत गुलाबी धागा, नखाएवढा. आतड्याचं आतलं अस्तर झडत असतं, त्याचा तुकडा कधीमधी असा येतो. त्या कागदावर तेवढा एकच होता, दुसऱ्या दिवशी एकही नाही. फोटो काढून ठेवला. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. बाकी नोंदी कंटाळवाण्या आहेत, आणि त्या तशा असल्याचा मला आनंद आहे.

दिवस १७ ते २०

इथे माझं चुकलं, म्हणून हा भाग सविस्तर.

पाकिटातलं स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, संपत आलं होतं. पावसानं रस्ता बंद होता. मी घरचं खाद्य सुरू केलं: मक्याचा भरडा, शेंगपेंड, तांदळाचा कोंडा आणि प्रथिनांसाठी कुटलेली सुकी मासळी. अठराव्या दिवशी कागद ओला. मधे तपकिरी ठिपका आणि भोवती पाण्याचा गोल, जवळजवळ प्रत्येक शिट तशीच. पिल्लं हुशार, पळणारी, दाणा संपवणारी, आणि पाण्याचं भांडं दुपारीच रिकामं. मी लिहिलं, "पातळ, कारण? हवा दमट." एकोणिसाव्या दिवशीही तेच. विसाव्या दिवशी आईंनी (सासूबाईंनी) मासळीची चिमूट जिभेवर ठेवली आणि म्हणाल्या, "अगो, ही खारवलेली आहे. धुतलीस तरी का?"

मीठ. पिल्लं तहानेनं पाणी पीत होती आणि तेच पाणी खाली येत होतं. मासळी लगेच काढली आणि एकविसाव्या दिवशी शिट पुन्हा बांधलेली दिसली. जास्त मीठ पिल्लांच्या जिवावरही बेततं, माझं पाणचट शिटेवर निभावलं. तेव्हा मला वाटलं, विषय संपला.

तुसाकडे माझं लक्ष गेलं नाही. तीन दिवस त्यात पाणी मुरत होतं. मूठभर तूस दाबून बघायचं, मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, लाडू तसाच राहिला तर ओलं. मी दाबून बघितलं ते तेविसाव्या दिवशी, तेव्हा पाण्याच्या भांड्याभोवती लाडूच वळला. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. पाकिटातल्या स्टार्टरमध्ये कॉक्सीडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, रोखणारं औषध मिसळलेलं होतं. पाकिटावर छापलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. घरच्या खाद्यात ते नव्हतं. ओलं तूस, जून महिन्याची ऊब आणि औषधाचा आधार काढून घेतलेली तीन आठवड्यांची पिल्लं, हे सगळं मी एकाच आठवड्यात जुळवून आणलं.

दिवस २४ (२ जुलै)

कागदावर २९ पिल्लांमागे सात काकव्या. त्यातल्या दोन विटकरी. मी बाहेर त्या दोन्हींचे फोटो काढत, अस्तराचाच तुकडा असेल का म्हणून जुन्या फोटोशी ताडून बघत होते. तेवढ्यात आतून आईंची हाक: "कागद कसला बघतेस? हे पिल्लू बघ आधी." एक पिल्लू दिव्याखाली पिसं फुलवून, डोळे मिटून, पंख सोडून उभं होतं. दाण्यासमोर धरलं तरी टोचेना. त्याला वेगळ्या खोक्यात पांढऱ्या कागदावर ठेवलं. वीस मिनिटांत शिट पडली ती जवळजवळ रक्तच.

त्या दिवसापासून वहीत पाचवा रकाना आहे, आणि तो आता सगळ्यांत आधी भरते. विटकरी काकवी आणि खेळतं पिल्लू असेल तर मी दुसऱ्या दिवशीच्या कागदाची वाट बघते. विटकरी काकवी आणि फुललेलं पिल्लू असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

दवाखान्यात जाताना ताज्या शिटा कोरड्या डबीत घेतल्या, तूस चिकटू न देता. वाटेत ते पिल्लू गेलं. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली नमुना बघितला, त्यात रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी अगदी थोडी सापडली. मग मेलेलं पिल्लू उघडलं. सीकमच्या दोन्ही पिशव्या गोठलेल्या रक्तानं तट्ट भरलेल्या होत्या. मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि बराच वेळ काही बोलू शकले नाही. ते म्हणाले, "ताई, रक्त आधी दिसतं, शिटेत अंडी नंतर येतात. नमुन्यात काही नाही मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. मेलेलं पिल्लू असेल तर तेही आणत जा." पोटात गेल्यापासून रक्त दिसेपर्यंत चार-पाच दिवस लागतात. मी उलट मोजलं. एकोणिसावा दिवस. ओल्या कागदाचा.

औषध दिलं ते ॲम्प्रोलियम. २०% ची पावडर, लिटरभर पाण्यात १.२ ग्रॅम, पाच दिवस, दुसरं पाणी ठेवायचं नाही. पुढे आठवडाभर ०.३ ग्रॅम. पावडरीचं प्रमाण पाकिटागणिक बदलतं, म्हणून हा आकडा उचलू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. एक गोष्ट मला नवी होती: हे औषध परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून उपचार चालू असताना आपण बी-कॉम्प्लेक्स पाजलं तर औषधाचाच जोर कमी होतो. मी लसीपासून रोज पाण्यात ते थेंब टाकत होते. त्याच दिवशी बंद केले.

संध्याकाळी सगळं तूस उपसलं. भातगिरणीतून नवीन, कोरडं आणलं. भांड्यांवर उकळतं पाणी ओतलं. या परजीवीची अंडी फिनाईलनं मरत नाहीत, त्यांना उष्णता आणि कोरडेपणाच लागतो. पाण्याची भांडी आता विटेवर, पिल्लांच्या पाठीच्या उंचीला, आणि खाली जाळी. ब्रूडरजवळची चप्पल वेगळी.

दिवस २५ ते ३५

पंचविसाव्या दिवशी चार काकव्या रक्ताच्या, आणखी एक पिल्लू गेलं. उरली २७. सव्विसाव्या दिवशी तीन. सत्ताविसाव्या दिवशी एक, आणि ती लाल नव्हती, गंजाच्या रंगाची. एकोणतिसाव्या दिवशी रक्त नाही. डाव्या पायाला निळा दोरा बांधलेलं एक पिल्लू तीन दिवस फुलून उभं होतं. सत्ताविसाव्या दिवशी दुपारी ते उठून पाण्यावर गेलं, मग दाण्यावर. मी खोक्याशेजारीच बसून होते.

अठ्ठाविसाव्या दिवसाची लासोटाची दुसरी मात्रा डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढे ढकलली आणि छत्तिसाव्या दिवशी दिली.

दिवस ४१ (१९ जुलै)

दोन दिवस संततधार. तुसाची मूठ सुटी. भांड्यांखालचं तूस एक दिवसाआड बदलते आणि बाकीचं रोज सकाळी खुरप्यानं वरखाली करते. पाकिटाचं खाद्य पुन्हा सुरू आहे. घरचं खाद्य दहा-बारा दिवसांत थोडं-थोडं मिसळत नेणार, आणि मासळी गोडी, न खारवलेली. आठव्या आठवड्यात आर२बी, ही मानमोडीचीच पुढची लस, टोचायची आहे.

आजची नोंद: पिल्लं २७, सगळी दाण्यावर. कागद आता पिल्लं रात्री बसतात त्या आडव्या बांबूखाली. काकव्या नऊ, चॉकलेटी. एक गुलाबी धागा. निळ्या दोऱ्याची शिट वेगळी गाठून बघितली: तपकिरी, घट्ट, टोपी पांढरी.