डॉजर्सचं दिवाळं निघालं तेव्हा

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलेल्या माणसाला 'विरोधी टीम' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडीलची फुटबॉल मॅच असली की आमच्या गल्लीत त्या दिवशी दुसरा विषय नसायचा. २००९ मध्ये मी कॅलिफोर्नियात सनीवेलला आलो, तेव्हा बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टेडियममध्ये पहिल्यांदा गेलो, चाळीस हजार लोक एका सुरात 'बीट एल. ए.', म्हणजे लॉस एंजेलिसला हरवा, असं ओरडताना ऐकले, आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. खेळ नंतर शिकलो, वैर आधी समजलं.

हे वैर कॅलिफोर्नियाहून जुनं आहे. जायंट्स आणि डॉजर्स दोन्ही मूळच्या न्यूयॉर्कच्या टीम. जायंट्स मॅनहॅटनच्या, डॉजर्स ब्रुकलिनच्या. १९५८ च्या सीझनला दोघींनी एकदमच बिऱ्हाड पश्चिम किनाऱ्यावर हलवलं, एकीनं सॅन फ्रान्सिस्कोला आणि दुसरीनं लॉस एंजेलिसला, आणि भांडणही सामानाबरोबर आणलं. १९६५ मध्ये तर जायंट्सच्या हुआन मारिशालनं भर मैदानात डॉजर्सच्या जॉन रोझबरोच्या डोक्यात बॅट घातली होती. पुढे त्या दोघांची घट्ट मैत्री झाली. पण आमच्याकडची जुनी माणसं तो किस्सा सांगताना बॅटीपाशीच थांबतात.

माझ्या ऑफिसमध्ये शेजारच्या डेस्कवर बसणारा मित्र लॉस एंजेलिसच्या बॉईल हाइट्सचा. मेक्सिकन घर, सगळे कट्टर डॉजर्सवाले. त्याच्या बाबांचं दैवत फर्नांडो वालेन्झुएला. मेक्सिकोतल्या खेड्यातून आलेला हा विशीतला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. १९८१ मध्ये त्यानं सुरुवातीच्या आठच्या आठ मॅच जिंकल्या, आणि ज्या मेक्सिकन लोकांना त्या स्टेडियमबद्दल मनात अढी होती, तेही तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. अढीला कारण होतं. स्टेडियम उभं आहे त्या चावेझ रवीनमध्ये आधी मेक्सिकन वस्ती होती. सरकारी घरं बांधायची म्हणून लोकांना उठवलं, ती घरं काही झाली नाहीत, आणि १९६२ मध्ये तिथं बेसबॉल सुरू झाला. मित्राचे बाबा हे सगळं जाणून होते आणि तरी डॉजर्सचे होते. असं प्रेम मी पेठेत पाहिलंय.

२०१० मध्ये आम्ही, म्हणजे जायंट्स, वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकलो. १९५४ नंतर पहिल्यांदा, आणि सॅन फ्रान्सिस्कोत आल्यापासून तर पहिल्यांदाच. त्याच वर्षी डॉजर्सच्या घरात भांडी आपटत होती.

मालक फ्रँक मॅकोर्ट हे मूळचे बॉस्टनचे, जमीन आणि पार्किंगच्या धंद्यातले. २००४ मध्ये त्यांनी ही टीम सुमारे ४३ कोटी डॉलरला घेतली, आणि त्यातला बराचसा पैसा कर्जाचा होता. आपल्याकडे याला ऋण काढून सण करणं म्हणतात. पुढे टीमच्या नावावर आणखी कर्ज चढत गेलं आणि मालकांची घरं वाढत गेली. टीममधून सुमारे १९ कोटी डॉलर स्वतःसाठी काढून घेतले, असा आरोप शेवटी लीगनं, म्हणजे या सगळ्या टीम जिच्यात खेळतात त्या संघटनेनं, कोर्टात केला. मधल्या काळात, २००९ च्या ऑक्टोबरात, नवरा-बायकोनं वेगळं होत असल्याचं जाहीर केलं आणि टीम कोणाची हाच वाद कोर्टात गेला. दोघांमध्ये मालमत्तेचा करार झालेला होता, पण त्याच्या सहा प्रती निघाल्या. तीन प्रतींप्रमाणे डॉजर्स एकट्या नवऱ्याचे, उरलेल्या तीन प्रतींप्रमाणे तसं नव्हतं. डिसेंबर २०१० मध्ये न्यायाधीशांनी तो करारच रद्द ठरवला. लाखो लोक ज्या टीमसाठी घसा कोरडा करतात, ती कोणाची हे एका कागदावरच्या एका शब्दावर लटकलेलं होतं. मला हे वाचून फार राग आला होता, आणि ती टीम माझी नव्हती.

सुरुवातीला मी मित्राला चिडवलं. पेठेतली सवय, जात नाही.

मग ३१ मार्च २०११ आला. सीझनचा पहिला दिवस, डॉजर्सच्या मैदानावर जायंट्सविरुद्ध मॅच. डॉजर्स २-१ नी जिंकले. मॅच संपल्यावर बाहेर पार्किंगमध्ये जायंट्सच्या एका चाहत्याला दोघांनी इतकं मारलं की तो कोमात गेला. अॅम्ब्युलन्सवर काम करणारा, दोन मुलांचा बाप. पार्किंगमधला अंधार आणि अपुरे सुरक्षारक्षक यांची चर्चा लगेच सुरू झाली, आणि २०१४ मध्ये ज्युरीनं डॉजर्सनाही निष्काळजीपणाबद्दल जबाबदार धरलं. त्या मॅचच्या दुसऱ्या दिवशी मित्र ऑफिसला आला आणि माझ्याशी नजर मिळवेना. त्याचा काय दोष होता?

११ एप्रिलला डॉजर्स सॅन फ्रान्सिस्कोला आले. त्या संध्याकाळी मी मित्राला घेऊन गेलो. कॅलट्रेननं निघालो, त्यानं निळी टोपी बॅगेत ठेवली होती. मॅचआधी दोन्ही टीमचे सगळे खेळाडू मैदानाच्या मधोमध एकत्र येऊन उभे राहिले. आमचा जेरेमी अॅफेल्ट आणि त्यांचा जेमी कॅरोल माईकवर बोलले, वैर मैदानातच ठेवा म्हणून. एरवी डॉजर्सची निळी अक्षरं दिसली की हुर्यो करणारं आमचं पब्लिक शांत उभं होतं. मी मित्राला म्हटलं, टोपी काढ बाहेर. त्यानं काढली, पण घातली नाही. मॅचभर मांडीवर धरून बसला.

नऊ दिवसांनी लीगचे कमिशनर बड सीलिग यांनी डॉजर्सचा कारभार आपल्या हातात घेतला. मॅकोर्टना फॉक्सबरोबर मोठा टीव्ही करार करून त्या पैशांवर गाडा ओढायचा होता. सीलिगनी जूनमध्ये तो करार फेटाळला. महिनाअखेरचे पगार तोंडावर होते. २७ जूनला डॉजर्सनी दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

आता सांगतो ते घेणेकऱ्यांच्या यादीबद्दल. कोर्टात दिलेली ती यादी मित्रानं डेस्कवर छापून आणली होती आणि पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. सगळ्यात वर मॅनी रमिरेझ, सुमारे २ कोटी १० लाख डॉलर. हा खेळाडू तेव्हा टीममध्ये नव्हताही. त्याला द्यायचे पैसे पुढच्या वर्षांवर ढकललेले होते, आणि ती वर्षं आता आली होती. दुसरा अँड्रू जोन्स, तोही सोडून गेलेला. असं करत करत खाली एक नाव होतं, त्याला मित्रानं गोल केला होता. विन स्कली, सुमारे दीड लाख डॉलर. १९५० पासून, म्हणजे टीम ब्रुकलिनला असल्यापासून, डॉजर्सची कॉमेंट्री करणारा माणूस. लॉस एंजेलिसमधले लोक स्टेडियममध्येसुद्धा ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे, समोरची मॅच त्याच्या तोंडून ऐकायला. बाळ ज. पंडितांचा आवाज ज्यांच्या घरात रेडिओवर घुमला असेल त्यांना हे सांगायला नको. त्या माणसाचे पैसे थकलेले. मित्र म्हणाला, "बाबांनी ही यादी वाचली आणि कागद उलटा करून ठेवला."

त्या वर्षी बाबा मैदानात गेले नाहीत. गाडी लावायला १५ डॉलर पडायचे, त्यातला एकही डॉलर या मालकाला द्यायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासारखे खूप होते. २०१० मध्ये डॉजर्सच्या मैदानावर ३५ लाखांहून जास्त प्रेक्षक आले होते, २०११ मध्ये ३० लाखसुद्धा भरले नाहीत. त्या स्टेडियमला ५६ हजार माणसं मावतात. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या दिसायच्या, आणि मला वाटायचं तितका आनंद होत नव्हता.

आणि खेळ? इथंच गंमत आहे. ६ जुलैला डॉजर्स ३७ जिंकून ५१ हरलेले होते. मालक कोर्टात, खुर्च्या रिकाम्या. तिथून पोरं उठली. उरलेल्या ७३ मॅचपैकी ४५ जिंकून त्यांनी सीझन ८२-७९ वर संपवला. मॅट केम्पनं ३९ होमरन मारले, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारखे फटके, आणि ४० बेस चोरले, म्हणजे फटका नसताना धावून पुढचा टप्पा गाठला. आणि तेवीस वर्षांचा पिचर क्लेटन कर्शॉ २१ मॅच जिंकला, २४८ फलंदाज 'स्ट्राइकआउट', म्हणजे नुसत्या आपल्या चेंडूंवर बाद केले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. त्याचा विसावा विजय आमच्याविरुद्धच, २० सप्टेंबरला, पुन्हा २-१ नी. त्या रात्री मी चरफडलो, पण खरं सांगतो, बऱ्याच महिन्यांनी मनासारखं चरफडलो. डॉजर्स हरावेत ते आमच्या पिचरपुढे. वकील आणि बँका त्यांना हरवत होत्या, ते मला बघवत नव्हतं. आमचंही त्या वर्षी काही खरं नव्हतं. बस्टर पोझीचा पाय मे महिन्यात मोडला होता आणि आम्ही प्लेऑफच्या बाहेर राहिलो.

पुढे काय झालं ते थोडक्यात. मॅकोर्टनी विकायचं कबूल केलं आणि २०१२ मध्ये बास्केटबॉलचा जुना खेळाडू मॅजिक जॉन्सन ज्यांच्यात होता त्या गुगेनहाइम गटानं डॉजर्स २ अब्ज डॉलरहून जास्त किमतीला घेतले. तोवर जगात कुठल्याच टीमला एवढी किंमत आली नव्हती. आपल्याकडे त्याच वर्षी डेक्कन चार्जर्सचं काय झालं आठवा. २००९ ची आयपीएल जिंकलेली टीम, मालकाच्या पैशांच्या अडचणीत पार पुसली गेली, हैदराबादला नवं नाव आणि नवे कपडे आले. डॉजर्सचं नाव, निळा रंग, स्कलीचा आवाज, सगळं जिथल्या तिथं राहिलं. अमेरिकेतल्या इतर गोष्टींबद्दल माझी मतं काहीही असोत, हे मला मनापासून पटलं.

नव्या मालकांनी पैसा ओतला आणि त्याची फळं आम्ही भोगतोय. २०१२ आणि २०१४ आम्ही जिंकलो खरं, पण २०२१ मध्ये १०७ मॅच जिंकूनही प्लेऑफमध्ये त्यांच्याकडूनच हरलो. जपानी खेळाडू शोहेई ओतानीला त्यांनी ७० कोटी डॉलर कबूल केलेत, त्यातले ६८ कोटी पुढच्या वर्षांवर ढकललेले. ते वाचलं आणि मॅनी रमिरेझचं नाव डोळ्यांसमोर आलं. मित्र म्हणतो, आता तिजोरी भरलेली आहे. असेलही.

१९ सप्टेंबर २०२५ ला कर्शॉची घरच्या मैदानावर शेवटची लीग मॅच होती, समोर जायंट्स. मित्रानं तीन तिकिटं काढली, तिसरं बाबांचं. मी विमानानं गेलो, केशरी टोपी घालूनच. गाडी लावायचे पैसे बाबांनी मला देऊ दिले नाहीत. पाचव्या डावात कर्शॉनं आमच्या राफाएल डेव्हर्सला बाद केलं आणि चेंडू देऊन तो बाहेर निघाला, तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहिलं. मीही उभा राहिलो. बाबा बघत होते, बोलले काही नाहीत.

आम्ही ६-३ नी हरलो. बाहेर पडलो तर पार्किंगमध्ये तुडुंब गर्दी, सगळी निळी, आणि वर दिवे लख्ख. बाबा आता हळू चालतात. तरी गाडीपर्यंत त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता, आणि मुलाला खुणेनं माझ्या दुसऱ्या बाजूला चालायला लावलं होतं.