टाकीच्या तळाचं डिझेल

डर्बनच्या मरिनामध्ये मी शिडाच्या बोटींची दुरुस्ती करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॉरिशस, रियुनियनकडून हिंदी महासागर ओलांडून बोटी येतात. केप टाउन गाठायची घाई असते आणि बहुतेकांना वाटतं, अवघड ते मागे पडलं. खरं अवघड इथून पुढे आहे. डर्बन ते ईस्ट लंडन सुमारे 250 सागरी मैल, आणि मध्ये आसरा घ्यावा असं एकही बंदर नाही.

अगुल्हास प्रवाह किनाऱ्याला धरून नैर्ऋत्येकडे धावतो, कधी कधी चार-पाच नॉटने, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल. तो पाठीशी असला की सहाने चालणारी बोट दहाने पळते. पण नैर्ऋत्येचा वारा सुटला की तो याच प्रवाहाच्या तोंडावर येतो आणि लाटा अंगावर उभ्या राहतात. 1909 च्या जुलैत ‘वाराताह’ ही आगबोट 211 माणसांसह डर्बनहून निघाली, ती अजून सापडलेली नाही. म्हणून इथे माणसं बॅरोमीटर बघून निघतात. नैर्ऋत्येचा जोर ओसरला की निघायचं आणि पुढचा येण्याआधी बंदरात शिरायचं. मधला वेळ दीड-दोन दिवसांचा, कधी तेवढाही नाही.

गेल्या नोव्हेंबरात एका डच जोडप्याची 42 फुटी बोट माझ्याकडे होती. दोघंही साठीच्या पुढची, कामाला चोख. डोलकाठीच्या तारा, सुकाणूचे दोर, वादळी शीड, हार्नेस सगळं तपासून झालं होतं. फ्लाइट प्लॅनवर शिक्के मारून झाले होते. बोट कुठे जाणार त्याचा हा कागद, इथे बंदर सोडताना लागतो. पहाटे निघायचं ठरलं होतं. दुपारी मी सहज विचारलं, “डिझेलची टाकी कधी उघडलीत?”

“आठ वर्षांत इंजिनने त्रास दिला नाही,” मालक म्हणाले.

आमचे बाबा देवगडला तांडेल. ट्रॉलरवर डिझेल भरलं की थोडं काचेच्या बाटलीत घेऊन उन्हाला धरायचे. मीही हातपंपाची नळी पार तळाला सोडली आणि बाटली भरली. वरचा भाग स्वच्छ, त्याखाली दोन बोटं पाणी, आणि दोघांच्या मध्ये तपकिरी, शेवाळासारखा लिबलिबीत थर. अर्धी रिकामी टाकी असली की आत दमटपणा धरतो, पाणी तळाला साचतं, त्यात जिवाणू आणि बुरशी वाढते. शांत पाण्यात हे सगळं तळाशी पडून राहतं. बोट घुसळली की वर येतं आणि फिल्टर तुंबतो.

बाई बाटलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे नेमकं तिथेच बंद पडलं असतं.”

तिथेच. कारण पुढचा नैर्ऋत्येचा वारा येण्याआधी बऱ्याचदा वारा अगदी थांबतो. शिडं लोंबकळतात आणि बंदर गाठायला फक्त इंजिन उरतं.

निघणं पुढे ढकललं तर पुढची संधी आठवड्याने मिळेल की पंधरवड्याने, सांगता येत नव्हतं. आम्ही टाकी उपसायला घेतली. झाकणाचे स्क्रू गंजलेले, चार तुटले, ड्रिलने काढावे लागले. खांद्यापर्यंत हात आत घालून मी कोपऱ्याकोपऱ्यातून चिखल काढत होतो, बाई जुन्या चादरी फाडून देत होत्या, मालक टॉर्च धरून होते. वासाने डोकं भणभणत होतं. रात्री अकराला नवे फिल्टर बसले, इंजिनमधली हवा काढली, आणि बंदरातच दोन तास ते जोरात चालवून पाहिलं. मालक म्हणाले, “तुम्हीही ईस्ट लंडनपर्यंत चला.” मला नाही म्हणवलं नाही.

सहाला बंदर सोडलं. ईशान्येचा वारा पाठीशी, प्रवाह पायाखाली. रात्रभर बोट नुसती पळत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅरोमीटर खाली गेला आणि आठच्या सुमाराला वारा पडला. समुद्र तेल ओतल्यासारखा, लाट मात्र जुनीच, लांब आणि मोठी. मालकांनी चावी फिरवली. मी खाली उतरून फिल्टरच्या काचेवर टॉर्च धरला आणि तिथेच बसून राहिलो. बोट या कडेवरून त्या कडेवर लोळत होती. काच स्वच्छ होती. दर अर्ध्या तासाने बाई वरून विचारायच्या, “कसं आहे?” आणि मी म्हणायचो, “स्वच्छ.”

साडेबाराला आम्ही बफेलो नदीच्या मुखातून आत शिरलो. दोर बांधून चहा ठेवला. तीनच्या आसपास शेजारच्या बोटीच्या तारा शिट्टी घालायला लागल्या. मालक बाहेर गेले, नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहिले, आणि आत येऊन त्यांनी ती तळाची बाटली बाकाखालून काढून टेबलावर ठेवली.