तेलाचा डाग कुठे आणि त्याचा उगम कुठे

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शहाबादी फरशी आहे आणि माझी १९८६ सालची बुलेट गेली ११ वर्षे तिथल्या एकाच कोपऱ्यात उभी राहते. या जातीच्या जुन्या गाड्यांनी थोडेफार तेल टाकायचेच, असे सगळेच म्हणतात आणि मीही तसेच म्हणत आलो. परंतु गेल्या पावसाळ्यानंतर फरशीवरचा डाग बशीएवढा झाला. ३०० किलोमीटरच्या अंतरात डिपस्टिकवरची, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरची, पातळी वरच्या खुणेवरून जवळजवळ खालच्या खुणेपर्यंत आली, तेव्हा मात्र हा प्रकार थट्टेवारी नेण्यासारखा राहिला नाही.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. त्या यादीत जुन्या इंजिनाच्या तेलगळतीचाही समावेश करायला हरकत नाही. तेल जिथून निघते तिथून खाली ओघळते, चालत्या गाडीवर वाऱ्याने मागे ढकलले जाते, ब्लॉकच्या पंख्यांतून, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या थंडाव्याच्या पात्यांतून, आणि बोल्टांच्या डोक्यांवरून वळसे घेते आणि अखेर भलत्याच ठिकाणी ठिबकते. माझा डाग गिअरबॉक्सच्या बरोबर खाली पडत होता, म्हणून गिअरबॉक्स गळतो आहे असा निष्कर्ष मी काढला आणि तीन रविवार वाया घालवले. खरे तर डागाकडे नीट पाहिले असते तरी पुरे होते. या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा असतो आणि त्यातले तेल दाट असून त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. फरशीवरचे तेल पातळ आणि काळे होते. म्हणजे ते इंजिनाचेच होते. बोटावर घेऊन वास घ्यायला दहा सेकंदसुद्धा लागली नसती.

मग चेनकेसवर, म्हणजे इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या साखळीच्या पेटीवर, संशय गेला. डाव्या बाजूचे ते मोठे चकचकीत झाकण मध्यभागी एकाच नटाने धरलेले असते आणि कडेने रबराची पट्टी असते. ती पट्टी कडक झाली होती हे खरे. नाना पेठेत जाऊन नवी आणली, बसवली, आत मोजून तेल भरले. डाग जसाच्या तसा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा कारभार चालला होता.

चौथ्या रविवारी मी पान्हा बाजूला ठेवला आणि जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले, म्हणजे इंजिन धुतले. पूर्वी या कामाला रॉकेल वापरत, आता ते सहजी मिळत नाही, म्हणून डिझेल आणि जुना दात घासायचा ब्रश घेतला. कार्ब्युरेटरच्या तोंडावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून प्रत्येक सांधा, प्रत्येक नटाची बूड आणि ब्लॉकच्या पंख्यांमधल्या फटी घासून काढल्या. वर्षानुवर्षांचे तेल आणि धूळ मिळून तिथे डांबरासारखा थर झाला होता. तो काढताना क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचा, मूळचा राखाडी रंग मला कित्येक वर्षांनी दिसला. नंतर साबणाच्या पाण्याने धुऊन, फडक्याने कोरडे करून गाडी तासभर उन्हात ठेवली आणि मग घरातली टाल्कम पावडर इंजिनाच्या उजव्या बाजूवर भुरभुरवली. शेजारच्या आजींनी गाडीला बाळंत झाल्यासारखी पावडर का लावतोस, असे विचारले. उत्तर द्यायला मला थोडा वेळ लागला.

पावडरीचा उपयोग असा की तेलाचा अगदी बारीक पाझरसुद्धा पांढऱ्यावर काळपट रेघ होऊन उमटतो, आणि त्या रेघेचा सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा बिंदू म्हणजे उगम. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत जाऊन पाहिले, सगळे कोरडे. कात्रजचा जुना घाट चढून शिंदेवाडीला थांबलो, तेव्हा टॅपेट कव्हरच्या खालच्या कडेला ओलसर रेघ आली होती आणि तिथून ती टायमिंग कव्हरवरून, म्हणजे खालच्या दातेरी चाकांच्या झाकणावरून, मागे वळून थेट गिअरबॉक्सच्या दिशेने गेली होती. टॅपेट कव्हर म्हणजे ब्लॉकच्या बुडाशी उजव्या बाजूला असलेले, एकाच नटाने बसणारे छोटे झाकण. त्याच्या मागे बुचाचे पॅकिंग असते. ते उघडून पाहिले तर पॅकिंग चपटे होऊन तुटायला आले होते. नट जोरात आवळला की गळती थांबते, या समजुतीने मी तो वेळोवेळी आवळला होता. बुचाचे पॅकिंग जितके दाबावे तितके मरते आणि झाकणाची कड मधोमध किंचित आत वाकते. काचेच्या तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर ठेवून झाकणाची कड घासून सपाट केली, नवे पॅकिंग लावले आणि नट हाताला जेवढा लागेल त्याहून फक्त पाव फेरा जास्त आवळला.

आठवडाभर पार्किंगची फरशी कोरडी राहिली आणि मी घरात विजयी मुद्रेने वावरलो. आठव्या दिवशी तेल पुन्हा दिसले. या वेळी टायमिंग कव्हरच्या सांध्यातून.

इथे माझी पहिली प्रतिक्रिया टायमिंग कव्हर उघडण्याची होती, आणि मी ते उघडलेही. त्यातून एक गोष्ट निष्पन्न झाली, जी सांगायला लाज वाटते. काही वर्षांपूर्वी तिथे मी स्वतः कागदी पॅकिंगच्या जोडीला सिलिकॉनची अर्धी ट्यूब पिळली होती. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूला शेवयांसारखे लोंबत होते आणि त्यातली एक शेवई तेलाच्या छिद्राच्या अगदी तोंडाशी होती. या इंजिनात तेलाचा पंप छोट्या दट्ट्यांचा असतो आणि तेल अरुंद वाटांनी क्रँकपर्यंत आणि वर रॉकरपर्यंत जाते. ती शेवई सुटून आत गेली असती, तर पुढचा लेख तेलगळतीवर नव्हे, इंजिन बांधण्याच्या खर्चावर लिहावा लागला असता. तेव्हापासून सिलिकॉनची ट्यूब मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे.

कव्हर बंद करण्याआधी मी आमच्या भागातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांना सहज फोन केला. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, गाडी थंड असताना गळते की गरम झाल्यावर?" गरम झाल्यावर, आणि तीही घाटात किंवा वेगात, असे मी सांगितले. "मग पॅकिंगं बदलत बसू नकोस. ब्रीदर बघ आधी."

हे मला सुचायला हवे होते. पिस्टन खाली येतो तेव्हा वरच्या बाजूला जेवढी जागा मोकळी होते तेवढीच खालच्या क्रँककेसमधली हवा दाबली जाते. या एकसिलिंडरी इंजिनात ती एका फटक्यात ३४६ सीसी असते आणि मिनिटाला ३००० फेरे धरले तर सेकंदाला ५० वेळा. तिच्यासाठी क्रँककेसमधून ब्रीदर नावाची एक नळी बाहेर काढलेली असते आणि तिच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखा चपटा रबरी तुकडा असतो, जो हवा बाहेर जाऊ देतो पण आत येऊ देत नाही. ही वाट बंद झाली तर हवा दुसरी वाट शोधते आणि जाताना तेल सोबत नेते. जो सांधा सर्वांत दुबळा तो आधी गळतो. तो बुजवला की त्याच्या खालच्या नंबराचा. माझी गळती एका जागेहून दुसऱ्या जागी का गेली, याचे उत्तर इतके सरळ होते.

आता कबुलीचा भाग. पावसाळ्यापूर्वी ब्रीदरच्या नळीतून उडणारे तेलाचे थेंब माझ्या पँटच्या पोटरीवर पडत होते. म्हणून मी जुनी, कडक झालेली रबरी नळी काढून हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावली, ती वर वळवून सीटखाली नेली आणि वळणावर झिप टायने घट्ट बांधली. गाडी थंड असताना ती नळी गोल आणि मोकळी दिसे. मी ती दोनदा पाहून ठीक आहे असे ठरवलेही होते. कव्हर नवे पॅकिंग लावून बंद केले, गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि इंजिन चालू ठेवूनच सीटखाली बोट घातले. नळीच्या टोकाला एरवी लागणारी हवेची फुसफुस बोटाला लागेना. इंजिनाच्या उष्णतेने प्लॅस्टिक मऊ झाले होते आणि झिप टायच्या जागी नळी पापडासारखी चपटी झाली होती. यात ना गाडीचा दोष, ना पॅकिंगचा, ना दुकानदाराचा.

तेल आणि उष्णता सोसणारी जाड रबरी नळी आणली, ती कुठेही न दुमडता मोठ्या वळणाने मागे नेली, टोकाला नवी चोच लावली आणि तेल टिपायला एक छोटी बाटली टांगली. नंतर वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीपर्यंत जाऊन आलो. टायमिंग कव्हर आणि टॅपेट कव्हर दोन्हीही कोरडे होते. बाटलीत चमचाभर राखाडी फेसाळ द्रव जमला होता, जो थोडे तेल आणि थोडी वाफ यांचाच असतो.

एक बारकी गोष्ट राहिली. या इंजिनाची तेलाची टाकी क्रँककेसच्याच मागच्या भागात असते आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीतले तेल हळूहळू खाली क्रँकपाशी उतरते. अशा वेळी डिपस्टिक कमी पातळी दाखवते आणि तेल गळाले असा समज होतो. वरून आणखी तेल ओतले की ते गाडी सुरू केल्यावर ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते. म्हणून इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, मगच पातळी पाहायची.

गेले दोन महिने मी दर शनिवारी रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवतो आणि सकाळी त्याच्या कोपऱ्यावर तारीख लिहितो. आठ पुठ्ठे जमले आहेत. शेवटच्या दोन पुठ्ठ्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक ठिपका आहे, अगदी किकच्या दांड्याखाली. बोटाला लावून वास घेतला, गंधकाचा आला. म्हणजे हा मात्र खरोखरच गिअरबॉक्स आहे, आणि त्याला सध्या मी हात लावणार नाही.