निवटीचं डोकं

जानेवारीत तीन आठवडे ठाण्याला होते, आजोळी, चेंदणी कोळीवाड्यात. या वेळी बॅगेत चॉकलेटांसोबत छोटा व्हाइस नेला होता. टेबलाच्या कडेला आवळायचा आणि त्याच्या जबड्यात गळ घट्ट धरायचा. मामी म्हणाली, "सुट्टीतपण काम आणलंस?" पण हे काम नव्हे. मिशिगनमध्ये कडाक्याच्या थंडीत नदीवर फारसं जाणं होत नाही, तेव्हा आम्ही घरी बसून फ्लाय बांधतो. या वर्षीची पहिली मला मामाच्या ओटीवर बांधायची होती.

फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा बांधून केलेलं खोटं भक्ष्य. नावात माशी असली तरी स्ट्रीमर नावाची जात माशीसारखी दिसत नाही, ती दिसते छोट्या माशासारखी. ट्राउट ही नदीतली मासळी मोठी झाली की तिचं किड्यांवर भागत नाही, ती मासे खाऊ लागते. अंधार पडला की बुडालेल्या ओंडक्याखालून बाहेर येते.

माझी नदी ऑ साबल. डेट्रॉइटपासून उत्तरेला तीनेक तासांवर, ग्रेलिंग गावाजवळ. नाव फ्रेंच, अर्थ वाळूचा. जमिनीत मुरलेलं पाणी वाळूतून झिरपत वर येतं, म्हणून भर उन्हाळ्यातही नदी गार राहते. ज्या ग्रेलिंग माशावरून गावाला नाव पडलं, तो मासा मात्र तिथे उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकात पाइनची जंगलं तोडून ओंडके नदीतून वाहून नेले, अंडी घालायच्या जागा गेल्या, मासेमारीला धरबंध राहिला नाही. १९३०च्या दशकापर्यंत मिशिगनमधून ग्रेलिंग संपला. आज मी जिच्या मागे असते ती ब्राउन ट्राउट युरोपातली. जर्मनीहून आलेल्या अंड्यांतून वाढवलेली पिल्लं १८८४ साली मिशिगनच्या नदीत सोडली, तिथून तिचा इकडचा संसार सुरू झाला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्या दिवसापासून ती मला परकी वाटली नाही.

या ट्राउटचा आवडता घास म्हणजे स्कल्पिन. बोटाएवढा, मातकट ठिपक्यांचा, रुंद डोक्याचा मासा. त्याला पोटात हवेची पिशवी नसते, म्हणून तो तळाच्या दगडांना चिकटून राहतो. फोनवर फोटो दाखवला. मामाने चष्मा वर केला आणि म्हणाला, "बाय, ही तर निवटी!"

खरं तर निवटी वेगळ्याच कुळातली, खाडीच्या चिखलातली, ओहोटीला पाण्याबाहेर उड्या मारणारी. पण बांधा तोच: पुढे सगळं डोकं, मागे निमुळतं अंग, छातीशी पंख्यासारखे पर. लहानपणी आजी चिखलात हात घालून निवट्या काढायची ते मला आठवत होतं. आठवलं नव्हतं ते इतकंच, की मी गेली सहा वर्षं निवटीच बांधत होते.

हरणाचे केस मी मुद्दाम नेले नव्हते. स्कल्पिनचं डोकं सहसा त्यांचंच करतात. १९३०च्या दशकात कॅनडात निपिगन नदीवर बांधलेली 'मडलर मिनो' तशीच आहे. पण आपल्याकडे वन्यजीवांचा कायदा कडक, आणि तो तसाच असावा. म्हणून सगळं सामान ठाण्यातच जमवलं. चिकनवाल्याकडून गावठी कोंबड्याची मानेवरची पिसं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून तांब्याची बारीक तार, गळाला वजन यावं म्हणून. मामीच्या जुन्या स्वेटरची शेवाळी लोकर.

चार नंबरचा गळ लावला. दांडीवर तारेचे वेढे, मागे मऊ पिसांची शेपूट, वरून दोन तपकिरी पिसं पाठीसारखी. पराचं पीस दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा मामाने रीळ हातातून घेतलं. "दोरा ओढत नाही राहायचं, ताणून धरायचं." चाळीस वर्षं जाळी विणलेली बोटं, सत्तरीतही हलली नाहीत.

मग डोकं. लोकर पिंजायची, झुपक्याझुपक्याने बांधायची, टूथब्रशने विंचरायची आणि कात्रीने कापत आकार द्यायचा. हरणाचा केस आतून पोकळ, तो तरंगू बघतो. लोकर पाणी पिते आणि फ्लायला तळाशी नेते. स्कल्पिनला हेच हवं, असं माझं आता पक्कं मत झालंय. मी छान गोल डोकं कापलं. मामाने मान हलवली.

"सुपारी केलीस. खालून सपाट कर, चिखलावर बसायचंय तिला. डोळे वर, टाळूवर."

मी कापलं. त्याने अजून कापायला लावलं. शेवटी ओटीवर शेवाळी कचऱ्याचा ढीग झाला आणि व्हाइसमध्ये जे उरलं, त्याच्याकडे बघून मामी आतून तिखट-मिठाचा डबा घेऊन येईल असं वाटलं.

"आणि सरळ ओढू नको," मामा म्हणाला. "निवटी सरळ पळते का? एक उडी, मग गप. बघत बसते. मग परत."

जूनमध्ये ती ऑ साबलवर नेली. त्या पट्ट्यात फक्त फ्लायने मासेमारी करायची आणि धरलेला मासा परत सोडायचा. सूर्य साडेनवाच्या सुमारास मावळला. देवदाराच्या पडलेल्या खोडाशी फ्लाय टाकली, तळाशी जाऊ दिली. एक झटका, मग गप. दुसरा झटका, मग गप. त्या दुसऱ्या गप्पमध्ये दोरी जड झाली.

पिवळं पोट, लाल ठिपके, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब. पाण्यातच धरली, गळ काढला, हात उघडला. गाडीपाशी येऊन फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा, ठाण्यात सकाळचे साडेसात.

"केवढी?" मामाने विचारलं. सांगितली.

"सोडलीस?"

"सोडली."

जरा वेळ नुसता कोळीवाड्यातला कावळा ऐकू आला.

"बरं," तो म्हणाला. "डोकं टिकलं का?"