मे महिन्यात नरम पडलेल्या बिबड्या

अमळनेरला दमेकऱ्यांचा हंगाम पावसाळ्यात, आणि नंतर जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचं काम, सुरू होऊन थंडी पडली की. मे महिन्यात दवाखान्यात येतात ते ऊन लागलेले, नाहीतर सखाराम महाराजांच्या यात्रेत अरबट-चरबट खाऊन पोट बिघडलेले. त्यामुळे चौथीत जाणारा तो पोरगा ऐन वैशाखात रोज पहाटे धापा टाकतो म्हटल्यावर मी जरा सावध झालो. उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाक चोंदलेलं, छातीत शिट्या; दहा वाजले की अंगणात क्रिकेट. घरच्यांनी बर्फाचा गोळा आणि आंबे या दोघांना आधीच दोषी ठरवलं होतं.

आईने जाता जाता सांगितलं, मामाकडे चोपडा तालुक्यात होता तेव्हा गोळेही खाल्ले, आंबेही खाल्ले, पण खोकला नाही. झोपायला कुठे होता? रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, नुसत्या बाजेवर. आणि परत आल्यावर? दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू. हे ऐकून मी दुपारी त्यांच्या घरी गेलो.

घर नवं, आरसीसीचं. बेडरूममध्ये शिरलो तर गारवा छान, पण हवा दमट. धूळ आणि झळा नकोत म्हणून सरकत्या खिडक्या घट्ट लावलेल्या, वर मखमली पडदे. कूलर खिडकीत नाही, खोलीतच पलंगाच्या पायथ्याशी. म्हणजे खोलीतलीच हवा ओल्या गवतातून पुन्हा पुन्हा फिरत होती. माझ्या बॅगेत तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र असतं. ओसरीवर त्याने आर्द्रता १८ टक्के दाखवली होती; पलंगावर ठेवलं तर आकडा चढत चढत ७६ वर गेला. बाहेर ४३ अंशांचा कोरडा फुफाटा, आत श्रावण.

यंत्रावर आजींचा विश्वास बसेना. पण माझ्या हातात बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, बशी देताना त्याच कुरकुरल्या, यंदा बिबड्या काय झाल्या कळत नाही, उन्हात कडक वाळवून डब्यात भरल्या तरी नरम पडतात. डबा कुठे? या खोलीतल्या माळ्यावर, झाकण सैल. म्हटलं, आजी, बिबड्यांना कळलं ते मी सांगतोय.

आपल्या गादीत, उशीत, गोधडीत धूळकीडे असतात. लांबी पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर, म्हणजे डोळ्यांना दिसणं कठीण. ते चावत नाहीत. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी पीत नाहीत, हवेतली ओल शोषून घेतात. आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली की ते सुकून मरतात. ७०-८० टक्क्यांत फोफावतात. खानदेशचा उन्हाळा खरं तर त्यांचा कर्दनकाळ. पण या घरात होळीपासून कूलर रात्रभर चालू होता, आणि अंड्यापासून पूर्ण वाढायला त्यांना साधारण महिना पुरतो. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांचा. ती धुळीत मिसळते आणि अंथरूण हललं की उडते.

अंथरूण तिथे रोज हलत होतं. पलंगावर घरच्या कापसाची, लग्नात आलेली जाडजूड गादी, कित्येक वर्षं पिंजलेली नाही. आजी ती रोज सकाळी त्याच बंद खोलीत काठीने बडवायच्या, नातू शेजारी डोळे चोळत बसलेला.

मी कूलर हलवायला सांगितला तेव्हा त्या उसळल्या, “कूलर बंद कयं ते उकाडामा मरी जाऊत ना!”

बंद करा म्हटलंच नव्हतं. कूलर खिडकीबाहेर, तोंड आत, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल. पहाटे नुसता पंखा. दुपारी खोली रिकामी असताना खिडक्या सताड उघड्या. एरवी ज्या झळांना आपण शिव्या घालतो त्या इथे फुकटात काम करतात. धूळ येईल, ती ओल्या फडक्याने पुसायची. केरसुणीने उडवायची नाही.

गादीसाठी त्यांच्याच शेतातला उरलेला काळा मल्चिंग पेपर, म्हणजे पिकाच्या वाफ्यावर अंथरायचं प्लास्टिक, कामी आला. गच्चीवर गादी त्यात गुंडाळून भर दुपारी ठेवली, मग उलटवली, कारण जाड गादीच्या पोटात ऊन सहज पोचत नाही. किडे मेले तरी विष्ठा तिथेच राहते, म्हणून पोराला लांब ठेवून ती गादीवाल्याकडे पिंजायला दिली. त्यावर घट्ट विणीच्या कापडाची, चेनची खोळ. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्याला बंबाच्या कढत पाण्यात, ६० अंश तरी हवं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. मखमली पडदे मात्र सुनेने काढू दिले नाहीत. त्यावरून मी वाद घातला नाही. गादीपुढे पडदे किरकोळ.

जळगावला ॲलर्जीसाठी त्वचेची चाचणी करवली, तेव्हा धूळकीड्यांच्या अर्काची टोचणी दिली तिथे चांगली टपोरी गांधी उठली. दम्याच्या औषधाचा रोजचा पंप (इन्हेलर) सुरू केला, आणि त्यावर घरात सगळ्यात जास्त कटकट झाली. पंपाची सवय लागते, ही समजूत गावातून अजून गेलेली नाही. खोली सुधारली म्हणून पंप सोडायचा नाही, हे मी आई, वडील आणि आजी यांना वेगवेगळं गाठून सांगितलं.

जून उजाडेपर्यंत पहाटेच्या शिट्या थांबल्या. शिंका कमी झाल्या, गेल्या नाहीत. पुढे बोरी नदीला पाणी आलं तेव्हा आईचा फोन आला, आता खिडकी उघडू की लावू? पावसाळ्यात बाहेरच ओल, खिडकीने काय होणार! मी चादरी उन्हाची तिरीप दिसली की वाळवायला सांगितल्या आणि पोराला तपासायला आणायला लावलं. पंपाची मात्रा त्या दिवशी वाढवावी लागली.